नवजात शिशूंतील मस्तिष्कावरणदाह : प्रतिजैविके किती दिवस द्यावीत?

जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस हा मानवी आयुष्यातील सर्वांत नाजूक कालखंड होय. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे देशात २० आणि महाराष्ट्रात ११ बालके हे अठ्ठावीस दिवस पूर्ण होण्याआधीच दगावली. दिवस भरण्यापूर्वी झालेला जन्म, जन्मतःच श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही या मृत्यूंची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी जंतुसंसर्गावर औषध उपलब्ध आहे. ते वेळेवर सुरू व्हावे, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. परंतु ते किती दिवस चालू ठेवावे आणि केव्हा थांबवावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असून त्याचे उत्तर डॉक्टरांइतकेच बाळाच्या कुटुंबाच्या व गावाच्या वागणुकीवर अवलंबून असते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मस्तिष्कावरणदाह या रोगाच्या, म्हणजेच मेनिंजायटिसच्या, बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने प्रत्ययास येते.

मुकी लक्षणे

समजा, आठ दिवसांपर्यंत नीट अंगावर पिणारे एक बाळ नवव्या दिवशी दूध ओढेनासे होते. ते रडत नाही, हात लावल्याशिवाय हालचाल करीत नाही, अंगाला गार लागते. मोठ्या मुलास किंवा प्रौढास हा रोग झाल्यास तीव्र ताप, डोकेदुखी व मान ताठणे ही ठळक चिन्हे दिसतात. नवजात बाळात मान सहसा ताठत नाही. ताप येण्याऐवजी अंग थंडही पडू शकते. टाळू फुगणे आणि झटके येणे ही चिन्हे दिसतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. दूध न ओढणे, निपचित पडणे, मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक श्वास चालणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, अंग तापणे वा गार पडणे यांपैकी एकही लक्षण दिसले तरी ते धोक्याचे समजले पाहिजे.

ही लक्षणे केवळ मस्तिष्कावरणदाहाची नव्हेत. रक्तातील जंतुदोष आणि न्यूमोनिया यांतही बाळ असेच दिसते. बाहेरून पाहून या तिहींत भेद करणे अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही कठीण जाते. म्हणून अशा बाळावर प्रथम संशयावरून उपचार सुरू होतात. अ‍ॅम्पिसिलिन व जेंटामायसिन, किंवा सेफोटॅक्सिमसारखे औषध शिरेवाटे देण्यात येते. हा संशय खरा की खोटा, याचा निर्णय मात्र तपासणीवर सोपवावा लागतो आणि औषधाचे दिवस त्या निर्णयावरच ठरतात.

पाठीतील पाण्याची तपासणी

मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ द्रव असतो. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून या द्रवाचे काही थेंब काढण्याची रीत जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये प्रचारात आणली. आजही मस्तिष्कावरणदाहाचे निश्चित निदान याच तपासणीने होते. द्रवातील पांढऱ्या पेशी, साखर व प्रथिने मोजली जातात आणि त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखले जातात. या शेवटच्या प्रक्रियेस जंतुसंवर्धन, अथवा रुग्णालयाच्या रोजच्या भाषेत कल्चर, असे म्हणतात. रक्ताचेही असेच कल्चर केले जाते.

‘पाठीतले पाणी काढले की मूल पांगळे होते’ ही समजूत खेड्यापाड्यांत व शहरांतही आढळते. ती निराधार आहे. सुई घालण्याची जागा मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली निवडलेली असते आणि काढलेला द्रव शरीरात पुन्हा तयार होतो. अपंगत्व येते ते रोगाने, तपासणीने नव्हे.

या तपासणीस होणारा विलंब पुढे फार महाग पडतो. प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच द्रवातील कित्येक जंतू वाढेनासे होतात व कल्चर रिकामे येऊ शकते. मग पेशींवरून अंदाज बांधावा लागतो. तेथेही अडचण असतेच. निरोगी नवजात बाळाच्या द्रवातही दर घन मिलिमीटरमागे सुमारे २० पर्यंत पांढऱ्या पेशी असू शकतात. सुई घालताना किंचित रक्त मिसळल्यास त्यांची संख्या आणखी फसवी होते. परिणामी, रोग आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही, अशी अवस्था प्राप्त होते. म्हणून शक्य तेथे औषधापूर्वीच रक्त व द्रव यांचे नमुने घेतले जातात. बाळ सुई सोसण्यास फारच अशक्त असेल, तर मात्र औषध थांबवून ठेवले जात नाही. बाळ सावरल्यावर तपासणी होते. पेशी व प्रथिने यांतील बदल औषधानंतरही काही दिवस टिकत असल्यामुळे उशिराची तपासणीही निरुपयोगी ठरत नाही.

दिवसांचा हिशेब

तपासणीचे निष्कर्ष हाती आल्यावर साधारणपणे चार वाटा संभवतात. पहिली, दोन्ही कल्चर रिकामी आली, द्रव स्वच्छ निघाला आणि बाळ चांगले पिऊ लागले, तर संशय मागे घेऊन औषध दोन ते तीन दिवसांत थांबविता येते. दुसरी, जंतू सापडले नाहीत, परंतु लक्षणे जंतुदोषाचीच होती, तर सामान्यतः ५ ते ७ दिवस औषध दिले जाते. तिसरी, रक्तात जंतू आढळले, पण मेंदूचा द्रव निर्दोष असला, तर जंतूचा प्रकार व बाळाची प्रगती पाहून ७ ते १४ दिवसांचा उपचार होतो. चौथी वाट मस्तिष्कावरणदाह सिद्ध झाल्याची. त्यात ‘ब’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूसाठी किमान १४ दिवस, तर ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या ग्राम-ऋण जंतूंसाठी किमान २१ दिवस औषध देण्याचा प्रघात आहे. द्रवात रोगाची चिन्हे स्पष्ट असूनही जंतू ओळखता आला नाही, तर उपचार बहुधा १४ ते २१ दिवसांच्या दरम्यान, पुष्कळदा पूर्ण तीन आठवडे चालतो.

याचा अर्थ असा की, एकाच लक्षणाने दाखल झालेली दोन बाळे अनुक्रमे तिसऱ्या व बाविसाव्या दिवशी घरी जाऊ शकतात आणि दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. शेजारच्या खाटेवरील बाळ लवकर घरी गेले म्हणून आपल्यालाही सोडावे, हा आग्रह यास्तव चुकीचा ठरतो.

एकवीस दिवस कशासाठी?

रक्तातील सर्वच औषध मेंदूच्या द्रवात उतरत नाही. जेंटामायसिन तर तेथे फारच थोड्या प्रमाणात पोहोचते. नवजात बाळाची प्रतिकारशक्तीही अपुरी असते. ग्राम-ऋण जंतूंचा नायनाट होण्यास अधिक वेळ लागतो आणि उपचार अर्धवट राहिल्यास रोग उलटण्याचा, मेंदूत पू साठण्याचा किंवा मेंदूतील पाणी वाढून डोके मोठे होण्याचा धोका राहतो. म्हणून मूळ प्रश्न ‘बाळ केव्हा बरे दिसेल’ हा नसून ‘जंतू केव्हा संपतील’ हा आहे. बाळ बहुधा आधी बरे दिसू लागते आणि जंतू नंतर संपतात. धोका निर्माण होतो तो या मधल्या दिवसांत.

हे आकडे निर्विवाद प्रयोगांपेक्षा दीर्घ अनुभवावर अधिक आधारलेले आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोन महिने ते बारा वर्षे वयाच्या मुलांवर बांगलादेश, इजिप्त, मलावी, पाकिस्तान व व्हिएतनाम या देशांत झालेला एक मोठा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवसांच्या उपचारानंतर प्रकृती स्थिरावलेल्या मुलांत औषध तेथेच थांबविले काय किंवा दहा दिवस दिले काय, परिणामांत फरक आढळला नाही. परंतु त्या प्रयोगात नवजात बालके नव्हती. मोठ्या मुलांसाठी काढलेला निष्कर्ष तान्ह्या बाळाला लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

अधिक दिवस म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे

मग सर्वच संशयित बाळांना सरसकट एकवीस दिवस औषध का देऊ नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे निर्माण होतो. त्याचे उत्तर असे की, प्रतिजैविक हे निरुपद्रवी पाणी नव्हे. जेंटामायसिनमुळे मूत्रपिंडांना व श्रवणशक्तीला अपाय होण्याचा संभव असतो. आतड्यांतील उपकारक जंतू नष्ट होतात आणि बुरशीजन्य संसर्गास वाव मिळतो. शिरेतील सुई हीच नव्या जंतूंना वाट ठरते. अत्यंत कमी वजनाच्या, कल्चर रिकामे आलेल्या बाळांविषयीचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीची प्रतिजैविके पाच दिवस किंवा त्याहून अधिक काळ दिली गेली, त्यांच्यात आतडे सडण्याचा विकार अथवा मृत्यू यांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले.

याहून गंभीर बाब म्हणजे औषधांना न जुमानणारे जंतू. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात केलेल्या पाहणीत नवजात बालकांच्या जंतुदोषात ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला व ई. कोलाय हे प्रमुख जंतू आढळले. त्यांतील मोठा भाग एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. आज एका बाळाला विनाकारण दिलेले औषध उद्या दुसऱ्या बाळाच्या उपयोगी पडेनासे होते. म्हणून गरज संपताच औषध थांबविणारा डॉक्टर हयगय करीत नसून त्या बाळाचे व पुढील बाळांचे रक्षण करीत असतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जेथे तपासणीच शक्य नाही

दुर्गम भागात प्रयोगशाळा दूर असते आणि कित्येकदा कुटुंब रुग्णालयात जाण्यास तयार नसते. अशा परिस्थितीत काय करता येते, याचा महत्त्वाचा धडा महाराष्ट्रातच घालून दिला गेला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच महिलांना नवजात बालकांच्या देखभालीचे शिक्षण दिले. रक्तदोष, मस्तिष्कावरणदाह व न्यूमोनिया यांना एकत्रितपणे जंतुदोष मानून त्यांनी घरीच इंजेक्शन व तोंडावाटे औषध दिले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते.

भारत सरकारने २०१४ मध्ये, पालक बाळाला रुग्णालयात नेण्यास असमर्थ असल्यास, विशिष्ट परिस्थितीत परिचारिकेने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे अ‍ॅमॉक्सिसिलिन सात दिवस द्यावे, अशी मार्गदर्शक सूचना केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये रुग्णालयात पाठविणे अशक्य असेल तेव्हाच्या उपचारांसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मात्र ही व्यवस्था रुग्णालयाचा पर्याय नव्हे. झटके आलेले, शुद्ध हरपलेले किंवा दूध मुळीच न घेणारे बाळ रुग्णालयातच गेले पाहिजे. मस्तिष्कावरणदाहाचा दीर्घ उपचार घरी होऊ शकत नाही.

गावाची जबाबदारी

पुन्हा त्या नवव्या दिवसाच्या बाळाकडे वळू. ते जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दाखल झाले, द्रवात रोग सिद्ध झाला आणि पाचव्या दिवशी ते अंगावर पिऊ लागले. नेमक्या याच वेळी कुटुंबाचा धीर सुटतो. घरी मोठी मुले एकटी असतात, मजुरी बुडते, पेरणी वा कापणी तोंडावर आलेली असते आणि ‘बाळ तर बरे झाले’ असे सर्वांनाच वाटते. पुढील सोळा दिवसांचे महत्त्व सांगणारा कोणी नसला, तर बाळ घरी नेले जाते. रोग उलटला तर ते दगावते किंवा बहिरेपणा, अपस्मार, मतिमंदता यांपैकी एखादे ओझे घेऊन जन्मभर जगते.

येथे सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांचे कार्य सुरू होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकास औषधे, तपासण्या, उपचार व वाहन विनामूल्य मिळतात. पुढे ही सवलत एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली. खर्चाच्या भीतीने मागे फिरणाऱ्या कुटुंबाला ही माहिती वेळेवर मिळाली पाहिजे. आशा कार्यकर्ती पहिल्या बेचाळीस दिवसांत बाळाच्या घरी सहा, आणि बाळंतपण घरी झाले असल्यास सात भेटी देते. या भेटी खरोखर होतात किंवा नाही, याची विचारपूस ग्रामसभेत करता येईल. रुग्णालयात राहिलेल्या मातेच्या घरची मुले शाळेत येतात का, जेवतात का, हे शिक्षकाला पाहता येईल. गुरांची व शेताची तात्पुरती सोय शेजाऱ्यांना करता येईल. ही कामे लहान दिसतात, परंतु एकवीस दिवसांचा उपचार पुरा होतो तो त्यांच्याच आधारावर.

बाळ घरी परतल्यावरही लक्ष ठेवणे आवश्यक असते. त्याची श्रवणशक्ती तपासून घेणे, डोक्याचा घेर मोजणे, मान धरणे व बसणे वेळेवर होते का हे पाहणे, यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या तारखा पाळल्या पाहिजेत.

प्रतिजैविक केव्हा सुरू करावयाचे, हे लक्षणे सांगतात. केव्हा थांबवावयाचे, हे तपासणी सांगते. या दोन टोकांमधील दिवस मात्र कुटुंबाने व गावाने धीराने काढावयाचे असतात. लवकर आणलेले बाळ, वेळेवर होऊ दिलेली तपासणी आणि ठरलेल्या दिवसापर्यंत पुरा केलेला उपचार या तीन गोष्टी साधल्या, तर आज निपचित पडलेले बाळ सहा वर्षांनी गावच्या शाळेत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणून उत्तर देऊ शकेल.