ट्रिगर : २,६६,५०० डॉलर

काउबॉयपटांचा नायक रॉय रॉजर्स जितका लोकप्रिय, तितकाच त्याचा सोनेरी घोडा ट्रिगर. त्याचं मूळ नाव गोल्डन क्लाउड. १९३८च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड बसली होती ती त्याच्याच पाठीवर. १९६५मध्ये तो गेला, पण रॉयला त्याला पुरणं जिवावर आलं. त्याचं कातडं साच्यावर चढवलं गेलं आणि मागच्या दोन पायांवर उभा ठाकलेला ट्रिगर रॉयच्या संग्रहालयात आला. (विचित्र हौस खरी, पण लोक रांगा लावून बघायचे.)

रॉय १९९८मध्ये, पत्नी आणि सहनायिका डेल इव्हान्स २००१मध्ये गेली. कॅलिफोर्नियातून मिसुरीतल्या ब्रॅन्सनला हलवलेलं संग्रहालय २००९च्या अखेरीस बंद पडलं. ज्या पोरांनी रॉयला पडद्यावर पाहिलं, ती आता म्हातारी झाली होती. नातवंडांना रॉय कोण हेच ठाऊक नव्हतं.

जुलै २०१०मध्ये न्यूयॉर्कला ‘ख्रिस्तीज’ने संग्रहालयातलं सगळं लिलावात काढलं. पिस्तुलं आणि चांदीच्या डॉलरांनी मढवलेली पॉन्टियाक मोटारसुद्धा ट्रिगरपुढे फिकी पडली. ग्रामीण अमेरिकेसाठीच्या ‘आरएफडी-टीव्ही’ने त्याला घेतलं आणि सोबत ३५,००० डॉलर मोजून रॉयचा कुत्रा बुलेटही.