पोलादी देह, हरवलेला चेहरा

‘आर्मर्ड कोअर ६’ हा २०२३ सालचा जपानी व्हिडिओ गेम. डोके, धड, हात, पाय, शस्त्रे असे सुटे भाग जुळवून महाकाय यंत्रदेह उभारायचा व लढायचे. वजन वाढले की चाल मंदावते. हळदीची पोती लादणारा आमचा हिंगोलीचा गाडीवान हे गणित चटकन ओळखील. घेतलेला भाग त्याच किमतीला परत विकता येतो. म्हणून पराभूत खेळाडू खचत नाही, विचार करून नवे यंत्र जुळवतो. हेच याचे बळ.

उणीव मात्र मोठी आहे. कथेतील माणसे केवळ आवाजातून भेटतात. ऐन लढाईत ते इंग्रजी संवाद निसटतात. शस्त्र पारखून निवडता येते, पण ज्याच्यावर ते चालते त्याचा चेहरा दिसत नाही. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला हेच सलते.