विश्लेषण : विमान दुरुस्त झाले, पण सही कोण करणार? मेकॅनिकच्या परवान्याचे नवे नियम कुठे अडतात?

रात्री शेवटचे प्रवासी उतरले की विमानाची दुसरी पाळी सुरू होते. टायर, ब्रेक, इंजिनातील तेल, वैमानिकाने लॉगबुकात लिहिलेली तक्रार, सगळे तपासून पहाटेपर्यंत विमान उभे करायचे असते. शेवटी एक सही लागते. तिला ‘सर्टिफिकेट ऑफ रिलीज टु सर्व्हिस’ म्हणतात. परवानाधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरच (एएमई) ती करू शकतो. अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडेही आहे, पण तिच्या जोरावर मला विमानाच्या एका टायरच्या कामावरही सही करता येणार नाही. पदवी वेगळी, परवाना वेगळा. बारावीनंतर या क्षेत्राची चौकशी करणाऱ्या अनेक पालकांची इथेच गल्लत होते.

परवान्याची पद्धत बदलली म्हणजे काय?

भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. पूर्वी कामाचे तुकडे पाडलेले होते. जड विमानाचा सांगाडा वेगळा, जेट इंजिन वेगळे. विद्युत यंत्रणा, उपकरणे आणि रेडिओ यांनाही स्वतंत्र वर्ग होते. युरोपच्या ‘पार्ट-६६’ नियमांच्या धर्तीवर डीजीसीएने ‘सीएआर-६६’ आणले आणि हे कप्पे मोडले. आता ‘बी१’ म्हणजे सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा. ‘बी२’ म्हणजे एव्हिऑनिक्स. ‘ए’ वर्गाला छोटी, ठरलेली कामे, तर ‘सी’ वर्गाकडे हँगरमधील मोठ्या देखभालीनंतर अख्ख्या विमानाची जबाबदारी.

कारण सरळ आहे. आजच्या एअरबस ए३२० मध्ये पंखाची हालचाल, संगणक आणि वीज एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की ‘मी फक्त रेडिओ बघतो’ म्हणून चालत नाही. पण माणसे जुन्या कप्प्यांत घडलेली होती. ज्याच्याकडे सांगाड्याचा परवाना होता आणि इंजिनाचा नव्हता, त्याला नव्या परवान्यावर तेवढी मर्यादा लिहून मिळते. ती काढायची तर उरलेल्या विषयांची परीक्षा द्यायची. वीस वर्षे हात काळे केलेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हायला सांगणे सोपे नसते.

वागणुकीचा विषय अभ्यासक्रमात कशाला?

‘सीएआर-६६’ मध्ये गणित, भौतिकशास्त्र, गॅस टर्बाइन यांच्या जोडीला ‘ह्यूमन फॅक्टर्स’ हे मॉड्यूल आहे. अनेक विद्यार्थ्यांना ते फुकटचे गुण देणारे वाटते. त्यांनी १० जून १९९० ची घटना वाचावी. ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघाले आणि १७ हजार फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. सगळे वाचले.

काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. बसवलेल्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्टचा व्यास हवा त्यापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटरहून थोडा कमी होता आणि उरलेले सहा आखूड होते. बोल्ट निवडणारा माणूस अनुभवी होता. पण त्याने कॅटलॉग उघडला नाही, जुना बोल्ट हातात धरून तसाच दिसणारा शोधला. वेळ रात्रीची, माणसे कमी आणि काम स्वतःच करून स्वतःच मंजूर केलेले. ज्ञान कमी पडले नव्हते, सवय नडली होती. ही सवय बहुपर्यायी प्रश्नांतून तपासायची कशी, हा नव्या नियमांपुढचा खरा पेच आहे. जुन्या प्रश्नसंचांची घोकंपट्टी करून मॉड्यूल सुटते, कॅटलॉग उघडण्याची सवय लागत नाही.

मुले अडतात कुठे?

अनुभवापाशी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेतलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त (सीएआर-१४७) संस्थेत बी१ किंवा बी२चा २४०० तासांचा अभ्यासक्रम करतो. सगळी मॉड्यूल सुटली, तरी परवाना मिळत नाही. त्यासाठी विमान देखभालीचा दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो सेवेतल्या विमानांवरचा लागतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम न करता थेट परीक्षा देणाऱ्याला ही अट पाच वर्षांपर्यंत जाते.

संस्थेच्या शेडमध्ये उभे असलेले, उडणे थांबलेले जुने विमान शिकायला ठीक, पण ते अनुभवात धरत नाहीत. त्यासाठी विमान कंपनीच्या किंवा देखभाल केंद्राच्या (एमआरओ) दारात जावे लागते आणि तिथे जागा मोजक्या. शिकाऊ मुलावर नजर ठेवायला परवानाधारक माणूस लागतो, आणि नेमका तोच रात्रीच्या पाळीत कमी असतो. काहींना स्टायपेंड मिळतो, काहींना जेमतेम प्रवासखर्च. दोन वर्षे टायर बदलणे आणि तेल भरणे एवढेच वाट्याला आले, तर लॉगबुक भरते, हात तयार होत नाहीत.

पुढे आणखी एक पायरी आहे. बी१ किंवा बी२ परवाना हातात आला म्हणून बोइंग ७८७ वर सही करता येत नाही. त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे ‘टाइप ट्रेनिंग’ घेऊन परवान्यावर नोंद करावी लागते. कंपनीने पाठवले तर ठीक, नाहीतर खर्च खिशातून.

शिक्षकांचे गणितही असेच आहे. ज्याच्याकडे ताजे टाइप रेटिंग आहे, त्याला विमान कंपनी जास्त पगार देते. तो वर्गात का येईल?

अमेरिकेने उलटी वाट का धरली?

तिथे विमान मेकॅनिक घडवणाऱ्या शाळांना सांगाडा आणि इंजिन मिळून १९०० तास शिकवण्याचे बंधन होते. लाकडी रचना आणि विमानाला कापड चढवणे हे जुन्या काळातले विषयही त्यात टिकून होते. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने कायदा करून नियम बदलायला सांगितले आणि सप्टेंबर २०२२ पासून तासांची अट गेली. आता तास किती झाले यापेक्षा विद्यार्थ्याला काय येते, हे पाहिले जाते. ऑगस्ट २०२३ पासून परीक्षेचे निकषही त्यानुसार आले. बदल स्वागतार्ह, पण शाळांना सगळा अभ्यासक्रम नव्याने लिहावा लागला. आपल्याकडे तासांची अट अजून कायम आहे. माझ्या मते आज ती लगेच काढणे धोक्याचे ठरेल. तास मोजता येतात, कौशल्य मोजायला चांगले परीक्षक लागतात, आणि ते आधी तयार करावे लागतील.

घाई कशाची?

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. विमान काही वर्षांत कारखान्यातून येते. बारावी झालेल्या मुलाला सही करणारा इंजिनीअर व्हायलाही साधारण तितकीच वर्षे लागतात. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल होते. अशा केंद्रांत शिकाऊंच्या जागा वाढल्या, तर विदर्भातल्या मुलाला अनुभवासाठी दिल्ली-हैदराबाद गाठावे लागणार नाही.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला कोणत्या वर्गासाठी मान्यता आहे आणि ती आज चालू आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहा. मग संस्थेला विचारा, मागच्या तुकडीतल्या मुलांनी दोन वर्षांचा अनुभव कुठे घेतला? उत्तरात नोकरीच्या जाहिराती दाखवल्या, तर प्रश्न पुन्हा विचारा.