उंची का खुंटते?

शाळेच्या पटांगणावर प्रार्थनेसाठी मुले उंचीनुसार उभी राहतात. सर्वांत पुढे कोण असणार, हे वर्गशिक्षकांना न बघताही सांगता येते. रांगेतले पहिले मूल बुटके आणि शेवटचे उंच, एवढे या रांगेवरून कळते. सगळी रांगच असावी त्यापेक्षा बुटकी आहे का, हे मात्र कळत नाही. गावातली बरीच मुले सारखीच कमी उंचीची असतील तर कोणाच्या नजरेला काही खटकत नाही. 'आईवडीलच ठेंगणे, मूल कुठून उंच होणार?' असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर कितपत खरे आहे, ते या लेखात पाहू.

कुपोषण म्हटले की हाडे वर आलेले मूल डोळ्यांसमोर येते. त्याचे वजन उंचीच्या मानाने कमी असते. याला रोडपणा म्हणतात. नीट आहार आणि उपचार मिळाले की हे वजन बऱ्याच अंशी भरून येते. कुपोषणाचा दुसरा प्रकार म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहणे, अर्थात खुजेपणा. वजन घटते आणि वाढते. उंची घटत नाही, ती वाढायची थांबते किंवा मंदावते. म्हणून वजन हे मुलाचे अलीकडच्या काही आठवड्यांचे प्रगतिपुस्तक मानले, तर उंची हे जन्माच्या आधीपासूनचे प्रगतिपुस्तक आहे.

मुलाला खुजे केव्हा म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलग्यांची मध्यक उंची ८७.१ सेंमी, तर मुलींची ८५.७ सेंमी आहे. मध्यकापासून दोन प्रमाण विचलने खाली गेल्यावर जी रेषा येते, तिच्याखालचे मूल खुजे. दोन वर्षांच्या मुलग्यांसाठी ही रेषा ८१.० आणि मुलींसाठी ७९.३ सेंमीवर येते. उत्तम पोसलेल्या समाजातही शंभरात दोन-तीन मुले या रेषेखाली असतातच. त्यामुळे एकट्या-दुकट्या मुलाच्या उंचीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले या रेषेखाली आढळली. महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के होता. दोन-तीनच्या जागी पस्तीस! याला योगायोग म्हणता येणार नाही.

मग ही आनुवंशिकता असेल का? वरील तक्ते ज्या अभ्यासावर आधारले आहेत, त्यातच याचे उत्तर मिळते. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेण्यात आली. भारतातील मुले दिल्लीची होती. मुलांना आईचे दूध मिळालेले असावे, घरची परिस्थिती वाढीला अडथळा आणणारी नसावी, आई धूम्रपान करणारी नसावी अशा अटी होत्या. वंश, हवामान, खाणेपिणे सारे वेगळे असूनही या मुलांची वाढ जवळजवळ एकसारखी निघाली. लांबीतील एकूण फरकांपैकी देशादेशांतील फरकाचा वाटा अवघा ३ टक्के होता. एकाच ठिकाणच्या मुलामुलांतील फरकाचा वाटा मात्र ७० टक्के होता. म्हणजे शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या उंचीतला फरक आनुवंशिकतेने पडू शकतो. पण संपूर्ण समाजाची बालके खुजी असतील तर त्याचे कारण परिस्थितीत शोधावे लागते. 'आईवडीलच ठेंगणे' हे खरेही असेल, परंतु त्यांची वाढही लहानपणी अशीच खुंटलेली असू शकते!

आता ही वाढ केव्हा आणि कशी खुंटते ते पाहू. जन्मतः मूल सुमारे ५० सेंमी लांब असते. पहिल्या वर्षी ते २५ सेंमी वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२ सेंमी. नंतर हा वेग उतरत जातो. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिच्यातील पेशी विभागतात, फुगतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होते. या कामाला ऊर्जा, प्रथिने आणि जस्तासारखी खनिजे लागतात, तसेच संप्रेरकांचा इशाराही लागतो. अन्न कमी पडले किंवा वारंवार जुलाब-ताप आला, की हा इशारा क्षीण होतो. शरीर हाताशी असलेले अन्न आधी जगण्यासाठी वापरते आणि उंचीचे काम लांबणीवर टाकते. अस्वच्छ परिसरात सतत जंतू पोटात जात राहिले, तर आतड्याच्या आतल्या बाजूचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे बोथट होतात आणि खाल्लेले अन्नही पुरते शोषले जात नाही. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस म्हणूनच निर्णायक ठरतात.

एक साधे गणित करू. पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते. त्यानंतर दुधाबरोबर वरचे अन्न हवे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून रोज सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. त्याचे पोट दर किलो वजनामागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावेल एवढे, म्हणजे ८ किलोच्या मुलाचे २४० ग्रॅमचे. पातळ पेजेच्या एका ग्रॅमात ०.४ किलोकॅलरी धरल्या, तर पोटभर पेजेतून ९६ मिळतात. ५५० गाठायला मुलाला दिवसातून जवळजवळ सहा वेळा पोट भरून पेज पाजावी लागेल. शेतावर मजुरीला जाणाऱ्या आईला हे कसे जमावे? तेच अन्न घट्ट शिजवून, डाळ मिसळून, वर चमचाभर तेल घालून ग्रॅमला एक किलोकॅलरी केले, की तीन वेळा पुरते. पोट भरले पण पोषण झाले नाही, याचा अर्थ या गणितातून मुलांना नीट समजतो. अर्थात ऊर्जा म्हणजे सर्व काही नव्हे. अंडी, दूध, डाळी, पालेभाज्या हव्यातच, आणि त्या विकत घेण्याची ऐपतही हवी.

एखादा एकच उपाय पुरेल का? बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. केवळ शौचालये, पाण्याची शुद्धता आणि हात धुणे यांनी उंचीत फरक पडला नाही. पूरक आहार आणि मार्गदर्शन यांनी पडला, पण थोडाच. स्वच्छता निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे; गळक्या माठाचे एकच छिद्र बुजवून पाणी टिकत नाही, इतकेच.

अनेक छिद्रे एकदम बुजवण्याचा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. पुढे त्याने पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील ३९ टक्के मुले खुजी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण २३ टक्क्यांवर आले. याच काळात गरिबी, स्त्रियांचे शिक्षण, प्रसूतिपूर्व तपासणी यांतही सुधारणा झाली होती, म्हणून सारे श्रेय एकाच योजनेला देता येत नाही. पाच वर्षांखालील मुलांचे आकडे निराळे: २००५-०६ मध्ये ४६.३, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. आधी मोठी उतरण, मग ठप्प. उंची वाढवता येते हे यातून सिद्ध झाले, आणि प्रयत्न सैल पडून चालत नाही हेही.

मूल शाळेत येते तेव्हा हजार दिवस कधीच उलटलेले असतात. मग शिक्षकांनी काय करायचे? पहिली गोष्ट, बुटक्या मुलाला मंद समजू नये. खुजेपणाचा आणि शिकण्यातील अडचणींचा संबंध सरासरीने दिसतो. समोरच्या मुलाचे भविष्य त्यावरून ठरत नाही. शाळेतील आहाराने गेलेली उंची फारशी भरून येत नसली, तरी रक्तक्षय आणि भूक यांवर तो उपाय आहेच. दुसरी गोष्ट, आठवी-नववीच्या वर्गाला अंगणवाडीत न्यावे. ताईंच्या मदतीने मापे पाहावीत. दोन वर्षांखालील मूल आडवे ठेवून मोजतात, कारण उभे केल्यावर तेच मूल सुमारे ०.७ सेंमी कमी भरते. नावे न लिहिता आकडे आलेखावर मांडावेत. आपल्या गावाची रांग कुठे उभी आहे, हे मुलांना स्वतःच दिसेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खुजी, अशक्त आणि कोवळ्या वयाची आई लहान बाळाला जन्म देण्याची शक्यता अधिक असते. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झाली होती. नववीतली जी मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात परतत नाही, तिच्या बाळाची उंची त्याच दिवशी पणाला लागते. तिला शाळेत टिकवून ठेवणे हा पुढच्या पिढीचे हजार दिवस सांभाळण्याचा एक उपाय आहे, आणि तो बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.