फाट्यापासून आतले गाव

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातले तालुक्याचे ठिकाण. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे जंक्शन, शिवाय नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे आरमोरीकडे जाणारा महामार्ग इथूनच जातो. नकाशात पाहिले तर दळणवळणाला काही कमी नाही. पण तालुक्यातली अनेक लहान गावे फाट्यापासून आत आहेत. एसटी फाट्यावर उतरवून देते; पुढची वाट धानाच्या बांध्यांतून आणि झुडपी जंगलातून पायी, सायकलने किंवा कोणाच्या तरी दुचाकीवर काढावी लागते.

हा मुलूखच विरळ वस्तीचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला 365 माणसे होती. चंद्रपूर जिल्ह्यात 193 आणि शेजारच्या गडचिरोलीत अवघी 74. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या आधाराने गाव वसले, पुढे त्याच्या शिवारात टोल्या, म्हणजे लहान वाड्या, झाल्या. जनगणना मात्र महसुली गाव धरून होते. टोली दूर असली तरी तिची माणसे मूळ गावाच्या आकड्यात जातात. उलट काही गावे नुसती रिठी आहेत: कागदावर नाव, जमिनीवर शिवार, पण राहणारे कोणी नाही.

या आकड्यावर रस्ता ठरतो. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातल्या 500 आणि डोंगराळ वा आदिवासी भागातल्या 250 लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचे ठरले. नक्षलग्रस्त भागासाठी ही अट पुढे 100 पर्यंत खाली आणली गेली. योजनेच्या चौथ्या टप्प्यात हिशेब 2011 च्याच लोकसंख्येचा आहे. म्हणजे सपाट प्रदेशात धरल्या गेलेल्या 480 माणसांच्या गावाला वीस माणसांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागू शकते. जंगलपट्ट्यात हा निकष न्याय्य नाही, कारण इथे गावे लहान असणे हाच नियम आहे.

रस्ता झाला की बस येतेच असे नाही. एसटी भारमान पाहते, आणि लहान गावात ते भरत नाही. फेरी मिळाली तर ती शाळेच्या वेळेची, म्हणून सुट्ट्या लागल्या की तीही बंद. पूर्वी रात्रीची मुक्कामी गाडी गावात थांबे आणि पहाटे तालुक्याला निघे; आजाऱ्याला तिचा मोठा आधार असे. मुलींसाठी मानव विकास मिशनची निळी बस आली, तिने आठवीनंतर सुटणारी शाळा अनेकींची वाचवली. ती चुकली तर संध्याकाळी फाट्यापासून चालत यायचे, आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या या टापूत वाघाचा वावर रोजचा. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला तर पहिली एसटी 1 जानेवारी 2025 रोजी मिळाली.

रेल्वेची गोष्ट वेगळी. इतवारी-नागभीड ही नॅरोगेज गाडी 1908 पासून धावत होती. हळू चाले, पण भिवापूर, कानपा, टेंपा अशा ठिकाणी थांबे आणि तिकीट गरिबाला परवडे. ब्रॉडगेजसाठी ती नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. नवा मार्ग वेगवान होईल, ते हवेच. पण लहान थांबे गाळले गेले तर या गावांच्या पदरात काही पडणार नाही.

रस्ता ज्यावर ठरतो, त्या लोकसंख्येच्या आकड्यात आणखी एक खोट आहे. धान निघाले की या भागातले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिरगणती होते नेमकी फेब्रुवारीत. गणनेच्या सगळ्या दिवसांत जो गावी नसतो, तो त्या घरात मोजला जात नाही. कुलूप लागलेली घरे अशा रीतीने गावाची लोकसंख्या आणि रस्त्यावरचा हक्क दोन्ही कमी करतात. पुढची शिरगणती फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. मिरचीला गेलेल्यांची यादी ग्रामपंचायतींनी आधीच करावी, आणि गणनेच्या काळात निदान काही दिवस त्यांना गावी आणण्याची सोय प्रशासनाने करावी.