तीन वर्षांच्या मुलाला देव 'शिकवता' येतो का?

"देव कुठे राहतो?" "आजोबा मेले म्हणजे कुठे गेले?"

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर हे प्रश्न तुम्ही ऐकलेच असतील. आपण बहुतेक वेळा विषय बदलतो. नाहीतर "मस्ती केलीस तर देवबाप्पा रागावेल" असं सांगून मोकळे होतो.

ख्रिस्ती शाळांच्या बालवर्गात हा प्रश्न रोजचाच. मुलांना अजून वाचताही येत नाही. मग त्यांच्याकडून प्रार्थना पाठ करून घ्यायची की आणखी काही करायचं? याचं एक वेगळं उत्तर रोममध्ये शोधलं गेलं.

सुरुवात कशी झाली?

साल होतं १९५४. बायबल आणि हिब्रू भाषेच्या अभ्यासक सोफिया कावालेत्ती आणि माँटेसरी शिक्षिका जियाना गोब्बी यांनी मिळून मुलांसोबत काम सुरू केलं. जागा होती कावालेत्ती यांचं रोममधलं घर. त्यातून 'कॅटेकेसिस ऑफ द गुड शेफर्ड' ही पद्धत तयार झाली. कॅटेकेसिस म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि गुड शेफर्ड म्हणजे उत्तम मेंढपाळ. आज अनेक देशांत ही पद्धत चर्चमध्ये आणि काही ख्रिस्ती शाळांमध्येही वापरली जाते.

वर्गात नेमकं काय होतं?

या वर्गाला 'एट्रियम' म्हणतात. मुलांच्या उंचीचं फर्निचर, हळू आवाजात बोलणं आणि हाताळायला खऱ्या वस्तू. छोटी वेदी, छोटा प्याला, मोहरीचे दाणे.

एक उदाहरण बघा. येशूने सांगितलेला उत्तम मेंढपाळाचा दाखला मुलांना ऐकवला जातो. हा मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो. समोर लाकडी मेंढवाडा, मेंढपाळ आणि मेंढरं असतात. गोष्ट संपल्यावर शिक्षिका "ती मेंढरं म्हणजे तुम्ही" असं सांगत नाही. ती विचारते, "ही मेंढरं कोण असतील बरं?" आणि थांबते.

उत्तर आजच आलं पाहिजे अशी सक्ती नसते. मूल पुन्हा पुन्हा त्या मेंढरांशी खेळतं आणि एक दिवस त्याला स्वतःलाच उलगडतं, की नावाने हाक मारली जाणारं ते मेंढरू आपणच.

पाप-पुण्य का नाही?

या पद्धतीत तीन ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे तीन वयोगट आहेत. बरोबर-चूक, नियम, जबाबदारी हे विषय मुख्यतः सहा वर्षांनंतर येतात. कावालेत्ती यांचं म्हणणं असं की लहान मुलाची पहिली गरज प्रेम आणि सुरक्षिततेची असते. देवाची ओळख भीतीतून झाली, तर ते नातं पुढेही भीतीचंच राहू शकतं.

फक्त ख्रिस्ती मुलांपुरतं आहे का?

ब्रिटनमध्ये डेव्हिड हे आणि रिबेका नाय यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांशी बोलून अभ्यास केला. १९९८ मध्ये त्यांचं 'द स्पिरिट ऑफ द चाइल्ड' हे पुस्तक आलं. स्वतःशी, माणसांशी, निसर्गाशी आणि देवाशी असलेल्या नात्याची तीव्र जाणीव, हा त्यांना मुलांच्या आध्यात्मिकतेचा गाभा वाटला. ही जाणीव धार्मिक घरातल्या मुलांपुरती नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं.

पण म्हणून एट्रियम तटस्थ ठरत नाही. प्रश्न मोकळे असले तरी गोष्ट बायबलमधलीच असते आणि वेदी चर्चमधलीच. ती निवड मोठ्यांनी केलेली असते. म्हणून पालकांची संमती महत्त्वाची.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे कॉन्व्हेंट शाळांमध्ये इतर धर्मांची मुलंही मोठ्या संख्येने शिकतात. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देतं. त्याच वेळी कलम २८(३) सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते.

म्हणजे प्रवेश घेताना तुम्ही बिनधास्त विचारू शकता: प्रार्थनेच्या वेळी काय होतं? माझं मूल त्यात नसेल तर ते कुठे बसेल? चूक झाली की देवाचं नाव घेऊन घाबरवलं जातं का?

शेवटचा प्रश्न मात्र शाळा कोणत्याही धर्माची असो, विचारायलाच हवा. आणि घरीही.

पुढच्या वेळी "देव कुठे राहतो?" असं कानावर आलं, तर उत्तर द्यायची घाई करू नका. "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि थोडं थांबा.