मालक गेला, कुलूप राहिलं

माझे एक ज्येष्ठ कविमित्र गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर ते संगणकावर मराठी टाइप करायला शिकले होते. गेल्या पावसाळ्यात त्यांची मुलगी घरी आली. पिशवीतून तिनं टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली. संगणकाची हार्ड डिस्क. म्हणाली, "काका, बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला. सगळं यात आहे, पण फोल्डर उघडत नाही. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल."

फॉरमॅट मारायचं म्हणजे पाटी पुसायची. त्या पाटीवर एका माणसाच्या पंधरा वर्षांच्या कविता होत्या आणि त्यातल्या निम्म्या कुठंच छापलेल्या नव्हत्या. मी तिला म्हटलं, "थांब. आधी बघू तरी."

मंडळी, मी काही संगणकातला तज्ज्ञ नाही. पण आमच्या वाचनालयाच्या संगणकाशी झटापट करता करता चार गोष्टी कळल्या, त्याच आज सांगतो. कारण ही अडचण घरोघरी येते आणि पुष्कळ जण घाबरून नको ते करून बसतात.

डिस्क माझ्या संगणकाला जोडली. फोल्डरवर क्लिक केलं, तर निरोप आला, की तुम्हाला हा फोल्डर उघडायची परवानगी नाही. इथं पहिली गोष्ट लक्षात घ्यायची. हा निरोप म्हणजे बिघाड नव्हे. डिस्क खराब असती तर निरोप वेगळा आला असता. इथं माल शाबूत आहे, फक्त पहारेकरी तुम्हाला ओळखत नाही.

हा पहारेकरी आला कुठून? एकच संगणक अनेकांनी वापरायची पद्धत १९६० च्या दशकात सुरू झाली, तेव्हापासून 'कुणाचं काय' हा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तशी एक यंत्रणा होती. तिथं एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली आणि रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्डच सगळ्यांना दिसले! पुढं युनिक्स या प्रणालीनं साधी वाटणी केली: मालक, त्याचा गट आणि इतर. वाचणं, लिहिणं आणि चालवणं यांपैकी कुणाला काय करता येईल, ते प्रत्येक फायलीबरोबर नोंदलेलं. मायक्रोसॉफ्टनं १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही रचना आणली. तिच्यात प्रत्येक फोल्डरला स्वतःची परवानग्यांची यादी असते. आज आपल्या घरातल्या विंडोजमध्ये तीच रचना आहे.

सातबाऱ्याचा उतारा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. जमिनीचा मालक कोण, इतर हक्क कुणाचे, हे त्यात असतं. फोल्डरचाही असाच उतारा असतो. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलं आणि 'सिक्युरिटी' हे पान उघडलं, की तो दिसतो.

मी ते पान उघडलं. तिथं मित्राचं नाव नव्हतंच! 'एस-१-५-२१'नं सुरू होणारा एक लांबलचक आकडा होता. मुलगी म्हणाली, "हे काय? बाबांचं नाव कुठं गेलं?"

खरी गोम इथंच आहे. संगणक माणसाला नावानं ओळखत नाही. खातं उघडताना तो प्रत्येकाला एक क्रमांक देतो आणि यादीत तोच लिहितो. त्या क्रमांकाचं नाव कुठलं, हे फक्त त्यांच्या जुन्या संगणकाला ठाऊक होतं. म्हणूनच एखादं खातं काढून टाकलं आणि पुन्हा त्याच नावानं, त्याच पासवर्डनं उघडलं, तरी जुने फोल्डर त्याला दाद देत नाहीत. क्रमांक नवा, म्हणजे संगणकाच्या लेखी माणूस नवा.

मग उपाय काय? फेरफार नोंद. 'सिक्युरिटी'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' दाबायचं. वर 'ओनर' लिहिलेलं असतं, त्याच्यासमोरच्या 'चेंज'वर जाऊन आपल्या खात्याचं नाव घालायचं. आतल्या फोल्डरांचाही मालक बदला, असा एक चौकोन खाली असतो, त्यात खूण करायची. मग 'अप्लाय'. खिडकी बंद करून पुन्हा उघडायची आणि यादीत आपलं नाव जोडून परवानगी द्यायची. मालक झालं म्हणजे दार आपोआप उघडतं असं नाही, पण यादी बदलायचा अधिकार मालकाला नेहमीच असतो. हे करायला आपलं खातं 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' या गटातलं हवं. आणि पुष्कळ जण विचारतात, "मी तर ॲडमिनिस्ट्रेटर, मग मला का अडवतो?" २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून त्या गटातला माणूसही एरवी साधा नागरिक म्हणूनच वावरतो. 'खरंच करू का?' या प्रश्नाला 'हो' म्हटल्यावरच त्याचा अधिकार जागा होतो.

दोन इशारे दिले पाहिजेत. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांवर हा प्रयोग कधीही करू नये. वैतागून 'एव्हरीवन'ला, म्हणजे सगळ्यांना, सगळी मोकळीकही देऊ नये. आणि डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केलेली असेल, तर यातलं काही चालत नाही. तिथं मजकूरच सांकेतिक झालेला असतो आणि किल्ली लागतेच.

आमच्या नशिबानं तसं नव्हतं. दहा मिनिटांत फोल्डर उघडला. मी आधी सगळ्या कविता माझ्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या. नवी प्रत नव्या घराचे नियम घेते, त्यामुळं तिथं परवानगीचा तंटा उरत नाही.

'कविता'च्या शेजारी आणखी एक फोल्डर होता. नाव होतं 'खाजगी'. आता तोही उघडत होता. मी मुलीकडं पाहिलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, तो राहू द्या." मी तो राहू दिला. यंत्रानं दिलेली परवानगी वेगळी आणि माणसानं द्यायची वेगळी.

आता थोडं गटांविषयी. आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या सूचीचा फोल्डर चार जणांना लागतो. पूर्वी आम्ही प्रत्येकाच्या नावानं परवानगी दिली होती. एक जण सोडून गेला, दुसरा आला, की सगळ्या फोल्डरांच्या याद्या पुन्हा दुरुस्त करायच्या. मग शहाणपण सुचलं. 'सूची' नावाचा गट केला, परवानगी गटाला दिली. आता माणूस आला की गटात घालायचा, गेला की काढायचा. फोल्डरला हात लावायचा नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत गट करायची सोय हाताशी असते, होममध्ये ती खिडकी मिळत नाही.

यातही दोन खाचा आहेत. गटात घातल्यावर त्या माणसानं एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावं लागतं. नवा अधिकार आत येतानाच मिळतो. हे ठाऊक नसल्यानं आम्ही एक दुपार घालवली होती. दुसरं म्हणजे 'डिनाय', अर्थात मनाई. एकाच फोल्डरवर परवानगी आणि मनाई दोन्ही लिहिली असेल, तर मनाई जिंकते. एखाद्या गटाला मनाई केली आणि आपणही त्याच गटात असलो, तर आपणच बाहेर. म्हणून मनाई लिहिण्यापेक्षा परवानगी न देणं बरं.

हे सगळं सांगताना एक गंमत जाणवते. परवानगी, मालक, हक्क, मनाई, वारस हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. अरबी 'अमानत'ची तर आपण 'अनामत' केली. विश्वासानं दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू, असा तिचा मूळ अर्थ. त्या दुपारी टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आली ती अनामतच होती.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, तुमचं लिखाण, फोटो, हिशेब कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, पासवर्ड कुठं लिहून ठेवला आहे आणि त्यातलं काय आम्ही उघडायचं, काय नाही. यातलं शेवटचं उत्तर कुठल्याच संगणकाकडं नसतं.